वऱ्हाडातील अंगणवाडीची बाहेरची भिंत

लहान मुलांसाठी गावाने अथवा सरकारने बांधावयाच्या इमारतीचा आराखडा पाहावयास घेतला, तर पायाची खोली, छताची जाडी, स्वयंपाकाची जागा, शौचालयाचे भांडे या सर्वांविषयी काही ना काही तपशील त्यात आढळतो. परंतु ज्या पृष्ठभागाला त्या मुलांचा हात, गुडघा, खांदा आणि क्वचित जीभदेखील रोज लागावयाची, त्या बाहेरच्या भिंतीच्या आवरणाविषयी ‘बाहेरील बाजूस सिमेंटचा गिलावा व रंग’ एवढी एकच ओळ बहुधा सापडते, आणि तीही मागील वर्षीच्या अंदाजपत्रकातून जशीच्या तशी उतरून घेतलेली असावी असा संशय येतो. ही ओळ बदलावी काय, बदलल्यास तिच्या जागी काय लिहावे, आणि बाजारात आज मिळणाऱ्या नाना तऱ्हांच्या आवरणांपैकी कोणते वऱ्हाडच्या हवेत, मातीत व पाण्यात टिकेल, याचा आढावा घेण्याचे येथे योजिले आहे. विचारासाठी नजरेसमोर ठेवलेला मुलूख म्हणजे रिद्धपुरापासून अकोल्यापर्यंतचा सपाट प्रदेश आणि त्याच्या उत्तरेस पसरलेला मेळघाट.

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील गाव महानुभाव पंथाचे महास्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तेराव्या शतकात गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते, लीळाचरित्राचे कार्य म्हाइंभटांनी येथे केले, आणि मराठी भाषेचे विद्यापीठही आता येथेच स्थापन झाले आहे. या पंथाच्या ‘स्थानपोथी’त कोणते देऊळ कोठे, त्याचे दार कोणत्या दिशेस, याची काळजीपूर्वक नोंद केलेली आहे. इमारतीची दिशा ही लिहून ठेवण्याजोगी गोष्ट आहे, असे मानणाऱ्या परंपरेच्या या प्रदेशात सरकारी नमुना-नकाशे मात्र दिशेची फारशी फिकीर न करता जागा मिळेल तसे बसविले जातात, आणि मग मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला म्हणजे दुपारभर पश्चिमेचे ऊन अंगावर घेणाऱ्या भिंतीवर कोणते आवरण द्यावे हा प्रश्न, जो खरे तर नकाशा बसवितानाच अर्धा सुटावयास हवा होता, रंगाऱ्याच्या गळ्यात येऊन पडतो.

इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या आणि पुढे गिजुभाई बधेका यांच्या समवेत 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, ग्रामीण बालशिक्षणाचा जो प्रयोग आरंभिला, त्यातील अंगणवाडीला भिंतच नव्हती. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या वस्तीतील अंगणात नेण्यात आली होती. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, अंगणवाडी हे सरकारी केंद्र झाले, त्यात पोषण, लसीकरण, वजनाच्या नोंदी, धान्याची कोठी अशी कामे येऊन मिळाली, आणि या कामांबरोबर छप्पर, कुलूप आणि भिंत ही अपरिहार्य ठरली. आज महाराष्ट्रात अशा केंद्रांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. इमारतीचे क्षेत्रफळ किमान 600 चौरस फूट असावे असे मार्गदर्शक सूचना सांगतात. एका इमारतीचा मंजूर खर्च पूर्वी सात लाख रुपये होता, तो अलीकडे बारा लाख करण्यात आला असून त्यांपैकी आठ लाख रोजगार हमीच्या निधीतून यावयाचे असतात. या शेवटच्या तपशिलाकडे आपणांस लेखाच्या अखेरीस पुन्हा वळावे लागेल, कारण भिंतीच्या आवरणाशी त्याचा संबंध वरवर दिसतो त्याहून फार निकटचा आहे.

भिंतीचा विचार वऱ्हाडात भिंतीपासून सुरू करता येत नाही; तो जमिनीपासून करावा लागतो. जुन्या गावरचनेत शेतीची ‘काळी’ आणि वस्तीची ‘पांढरी’ असा जो भेद होता, तो केवळ महसुली दफ्तराच्या सोयीचा नव्हता. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उभे केलेले घर दरवर्षी एकदा वर व एकदा खाली होत राहते, हे आपल्या पूर्वजांस पक्के ठाऊक असल्यामुळे घरे पांढरीवर बांधली जात. गावठाण भरून गेले, पांढरीवर जागा उरली नाही, आणि सरकारी इमारतींच्या वाट्यास गावाबाहेरची ई-क्लास, म्हणजे सरकारी पडीक, जमीन आली. अशा जागी काळी माती खोलवर असली म्हणजे नवी अंगणवाडी त्या हलत्या भूमीवर उभी राहते. परिणाम कोणत्याही तालुक्यात पाहावयास मिळतो: खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी निघालेली भेग, जोत्याच्या रेषेत आडवी गेलेली भेग, आणि त्या बुजविण्यासाठी ओढलेले सिमेंटचे राखाडी पट्टे, जे पुढील उन्हाळ्यात पुन्हा उकलतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा दिलेल्या ओतीव खांबांचा पाया विकसित केला. हे खांब निदान साडेतीन मीटर खोल न्यावे लागतात, म्हणजे ऋतुमानाने ज्या थरात ओल बदलते तो थर ओलांडून इमारत स्थिर थरावर टेकते. असा पाया असेल आणि इमारतीभोवती फरसबंदीचा रुंद पट्टा करून पावसाचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरू दिले नसेल, तर वरचे आवरण कोणतेही निवडावे, निम्मी लढाई जिंकलेली असते. असा पाया नसेल तर मात्र आवरणाच्या निवडीचा पहिला निकष हा ठरतो की, हलणाऱ्या भिंतीबरोबर ते थोडेफार हलेल काय, आणि फुटले तर गावातल्या गावात सांधता येईल काय. जे आवरण जितके कठीण, चकचकीत व अखंड, तितके ते या निकषावर अधिक वाईट उतरते, ही गोष्ट कंत्राटदाराच्या नमुन्यांच्या पेटीवरून कळत नाही.

जमिनीनंतर पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा शेतीच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला गेला आहे. बांधकामाच्या संदर्भात त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. दर्यापूर, भातकुली, तेल्हारा, अकोट या भागांत विंधनविहिरीचे खारे पाणी गिलाव्याच्या मालात मिसळले आणि त्याच पाण्याने पुढे आठवडाभर भिंतीवर पाणी मारले, तर दोन पावसाळ्यांत त्या भिंतीला लोणा लागतो, रंग पापुद्र्यांनी सुटतो, आणि पापुद्र्याखाली पांढरी क्षारांची बुरशीसारखी लव उगवते. सलोह काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे भारतीय मानक सांगते; ही मर्यादा ओलांडणारे पाणी छज्ज्याच्या आणि खांबाच्या सळईस आतून गंज चढविते, आणि गंजलेली सळई फुगून वरचा गिलावा ढकलून देते. अशा वेळी ‘गिलाव्याचा दर्जा निकृष्ट’ असा शेरा तपासणी वहीत पडतो, दोष मिस्त्रीच्या माथी बसतो, आणि पाण्याची परीक्षा कोणी करीत नाही. खारपाण पट्ट्यात बाहेरच्या आवरणावर खर्च करण्याआधी गोड्या पाण्याचा टँकर आणण्याची तरतूद अंदाजपत्रकात केली, तर तो खर्च कोणत्याही महागड्या रंगाहून अधिक फलदायी होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मुलखाने पूर्वी भिंतीवर काय चढविले होते ते पाहणे आता अप्रस्तुत होणार नाही. सामान्य घराची भिंत पांढरीच्या मातीची, नाही तर तुराट्या-पऱ्हाट्यांच्या कुडाची. तिला आतून-बाहेरून शेणामातीचे सारवण, वर पांढऱ्या मातीचा पोतारा आणि दारापाशी गेरूची कड. सधन वाड्यांना विटा आणि चुना. बाळापूरचा किल्ला, ज्याचे काम अचलपूरच्या नबाबाने 1757 साली पूर्णत्वास नेले, त्याचे विटकाम अडीच शतके मान नदीकाठच्या उन्हापावसास तोंड देत उभे आहे. येथील चुना दूरदेशीहून आणावयाचा नसे. काळ्या मातीतच सापडणारी चुनखडी भट्टीत भाजून, हौदात भिजवून, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर घोटली जात असे, आणि काही ठिकाणी तीत गूळ, हिरडा अथवा बेलफळाचे पाणी घालण्याचा शिरस्ता होता. या चुन्याच्या गिलाव्याचे दोन गुण हलत्या जमिनीस विशेष मानवतात. पहिला असा की, तो सिमेंटइतका ताठ होत नाही, म्हणून बारीक हालचाल तो सामावून घेतो. दुसरा असा की, केसाएवढी भेग पडली तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला मोकळा चुना त्या भेगेत पुन्हा साकळून ती स्वतःच बुजवितो. शिवाय भिंतीतील ओल तो बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा घट्ट गिलावा आणि त्यावर तेलाचा रंग असे दुहेरी झाकण जेथे ओलसर विटांवर बसते, तेथे ती ओल कोंडून राहते आणि शेवटी वाट काढण्यासाठी गिलाव्याचा पोपडाच उडवून लावते.

चुन्याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते सर्वच निराधार नाहीत. तो सुकण्यास वेळ घेतो, 31 मार्चपूर्वी देयक काढावयाच्या घाईशी त्याचे जमत नाही. तो जाणणारे मिस्त्री आता विरळ. आणि दरसूचीतील नेहमीच्या बाबींत तो आढळला तरी कनिष्ठ अभियंत्यास त्याची मोजमाप वहीत नोंद करण्याची सवय राहिलेली नाही. ताज्या चुन्याने डोळ्यास व कातडीस इजा होते, म्हणून मुले असताना हे काम करता येत नाही. यांपैकी शेवटचा आक्षेप सुटीचे दिवस पाहून दूर होतो. पहिले तीन आक्षेप वस्तुतः चुन्याविषयी नसून आपल्या कारभाराविषयी आहेत.

आता आपण मुलाच्या उंचीवर उतरू. प्रौढ माणूस भिंत डोळ्यांनी पाहतो. तीन वर्षांचे मूल ती हाताने पाहते, तिला टेकून बसते, नखाने खरवडते, आणि पंडुरोगी असेल, तर ती चाटते. माती, खडू, चुना, भिंतीचे पोपडे खाण्याची ही आसक्ती रक्तातील लोहाच्या कमतरतेशी निगडित आहे, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. आणि ज्या मुलांचे कुपोषण दूर करण्यासाठी अंगणवाडी अस्तित्वात आली, तीच मुले तिची भिंत तोंडास लावतात, ही गोष्ट कोणतीही अनुभवी सेविका बिनदिक्कत सांगेल. यामुळे जोत्यापासून तीन फुटांपर्यंतच्या पट्ट्यावर काय लावले आहे, हा प्रश्न जवळजवळ आहाराचा प्रश्न होऊन बसतो. शिसेयुक्त रंगाचे भय येथेच आहे. पिवळ्या, नारिंगी, हिरव्या तैलरंगांत शिशाचे क्षार वापरण्याची जुनी चाल. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक, आणि पोटात लोह कमी असले म्हणजे तेच शिसे अधिक शोषले जाते. भारत सरकारने 2016 साली नियम करून घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपर्यंत मर्यादित केले, आणि ती मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून अंमलात आली. परंतु त्यापूर्वी रंगविलेल्या भिंती जागच्या जागी आहेत, आणि नवा रंग देण्यापूर्वी जुना घासून काढण्याची जी पद्धत आहे, तिच्यायोगे तर तो रंग धुळीच्या रूपाने सबंध अंगणात पसरतो. जुना तैलरंग असलेल्या अंगणवाडीत घासकाम कोरडे करू नये, पाणी शिंपून करावे, खाली ताडपत्री अंथरावी आणि पडलेला चुरा उचलून न्यावा, एवढा एक हुकूम जिल्हा परिषदेने काढला, तर त्यास कवडीचाही खर्च येणार नाही.

तीच गोष्ट पृष्ठभागाच्या पोताची. दाणेदार गिलावा, ज्यात बारीक खडी भिंतीवर फेकून बसवितात, डाग लपवितो व पावसास टक्कर देतो, म्हणून तो सरकारी इमारतींत लोकप्रिय. पण धावत्या मुलाचा खांदा त्यास घासला म्हणजे कातडी सोलवटून निघते. तीन फुटांच्या वर तो खुशाल असावा. त्याखाली भिंत गुळगुळीत आणि कोपरे गोलाई दिलेले हवेत. आमच्या मते बालकेंद्राच्या बाहेरच्या भिंतीस एकच आवरण देण्याची कल्पनाच चुकीची आहे: खालचा पट्टा मुलांचा, वरचा पट्टा ऊनपावसाचा, आणि या दोहोंच्या गरजा इतक्या भिन्न आहेत की, एका ओळीत दोन्ही भागविण्याचा प्रयत्न दोहोंवरही अन्याय करतो.

या दृष्टीने बाजारातील माल तपासू लागलो, तर पुष्कळ गोष्टी झटपट बाजूस सारता येतात. टिनाचे पत्रे भिंतीस लावणे स्वस्त. उन्हाळ्याच्या दुपारी त्यांस हात लावण्याचा प्रयोग ज्याने केला असेल त्यास अधिक सांगणे नको. लाकडी फळ्या मेळघाटच्या सागवानाच्या असल्या तरी उदईपासून राखाव्या लागतात, आणि बारा लाखांच्या इमारतीस त्या परवडत नाहीत. सिमेंटचे पत्रे, ज्यांत अॅसबेस्टॉसचे तंतू असतात, छतावर असोत वा कुंपणाच्या आडभिंतीस, मुलांच्या सान्निध्यात मुळीच नसावेत. या खनिजाचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने निःसंदिग्धपणे म्हटले आहे, आणि फुटलेल्या पत्र्याच्या कडेने खेळणे हा तर मुलांचा आवडता उद्योग. अॅसबेस्टॉसविरहित सिमेंट बोर्ड निराळे. ते निर्दोष आहेत, मात्र त्यांचे सांधे या जमिनीवर उघडतात.

चकचकीत फरशीविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण अलीकडे ‘आदर्श’ म्हणून गौरविल्या जाणाऱ्या अंगणवाड्यांच्या दर्शनी भिंतींवर ती सर्रास दिसू लागली आहे. तिचा हेतू स्तुत्य: पुसता येते, डाग धरीत नाही, शिसे नाही, चाटली तरी अपाय नाही. खालच्या तीन फुटांत, सावलीच्या ओसरीखाली, ती खरोखर चांगली. परंतु उघड्या पश्चिम भिंतीवर दहा फूट उंचीपर्यंत ती नुसत्या सिमेंटवर चिकटविली, तर दिवसा तापून प्रसरण पावणारी व रात्री आकुंचन पावणारी ती फरशी आणि तिच्यामागची हलती भिंत यांची गाठ काही वर्षांत सुटते, आणि धारदार कडांचे तुकडे ज्या ठिकाणी पडतात, त्या ठिकाणी पाणी पिण्यासाठी मुले रांगेत उभी असतात. उंचावरची फरशी हे बालकेंद्रापुरते निषिद्ध आवरण मानावे.

पत्र्यांच्या दोन थरांमध्ये थर्मोकोल अथवा फेस भरलेले तयार फलक, आणि अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा गाभा असलेली शोभेची आवरणे, ज्यांस व्यापारी एसीपी म्हणतात, यांचा विचार निराळ्या गांभीर्याने करावा लागतो. पहिल्या प्रकाराची इमारत थोड्याच दिवसांत उभी राहते आणि उष्णता बरीच अडवते. दुर्गम पाड्यांवर, जेथे वीट पोहोचविणे कठीण, तेथे तिचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु 14 जून 2017 च्या रात्री लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या बाहेरील आवरणाने, ज्यात पॉलिएथिलीनचा गाभा होता, पेट घेतला आणि 72 माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी 5 जून 2009 रोजी मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातील एर्मोसियो शहरात, गोदामाचे रूपांतर करून चालविलेल्या एका पाळणाघरात शेजारच्या गोदामातील आग पसरून 49 बालके दगावली. आपल्या देशातही तामिळनाडूतील कुंभकोणम येथे 16 जुलै 2004 रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून उठलेली आग गवती छपरात शिरून 94 मुलांचा बळी घेऊन गेली. या तीन दुर्घटनांत सामग्री भिन्न, खंड भिन्न. समान आहे तो एवढाच दोष की, आग जेथे लागली तेथे ती थांबविणारे काही नव्हते आणि जेथे माणसे होती तेथपर्यंत तिला वाहून नेणारे काहीतरी होते. अंगणवाडीत रोज चूल अथवा गॅस पेटतो, मुले दुपारी झोपतात, आणि सांभाळण्यास एक सेविका व एक मदतनीस. जळणारा गाभा असलेले कोणतेही आवरण येथे वापरू नये, हा निर्णय देण्यास फार विद्वत्ता लागत नाही. त्यातही एक दुय्यम गोष्ट अशी की, फलकांच्या मागील पोकळीत पाल, विंचू आणि गांधीलमाशी यांना आयते घर मिळते, आणि फलक पोचला तर तो दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडत नाही.

उरतात ते दगड, वीट, माती आणि बांबू. म्हणजे फिरून आपण आपल्याच शिवारात येतो. काळा दगड वऱ्हाडात विपुल. जोत्यास आणि त्यावर दोन फुटांपर्यंत, जेथे वळचणीचे पाणी उसळून चिखल उडतो, तेथे त्यास तोड नाही. मात्र मागील भिंतीवर पातळ चिपा चिकटविण्याची नवी टूम आणि अखंड दगडी बांधकाम यांत गल्लत करू नये. चिपांना फरशीचेच सर्व दोष लागू आहेत. उघड्या विटांचे काम, ज्याचा पुरस्कार वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात दीर्घकाळ केला, गिलाव्याचा व रंगाचा खर्चच वाचविते. विटा उभ्या ठेवून मध्ये पोकळी राखणाऱ्या त्यांच्या आवडत्या रचनेत विटांची सुमारे चतुर्थांश बचत होते आणि पोकळीमुळे ऊन आत यावयास वेळ लागतो. अडचण अशी की, उघडी ठेवण्याजोगी, कडा शाबूत असलेली वीट या भागातील लहान भट्ट्यांतून सहसा निघत नाही. पारसच्या औष्णिक वीजकेंद्राची राख वापरून होणाऱ्या विटा मापात नेमक्या असतात आणि शेताची सुपीक माती खात नाहीत. सांध्यांत दरजा नीट भरून त्या उघड्या ठेवल्या तर अकोला जिल्ह्यात तरी हा पर्याय गंभीरपणे अजमावण्याजोगा आहे. त्यांचा रंग उदास, ही तक्रार खरी. ती दूर करण्याचा मार्ग पुढे येतो.

मातीविषयी बोलू लागले की अधिकारीवर्गाच्या चेहऱ्यावर स्मित उमटते. त्यांनी एकवार शेजारच्या वर्धा जिल्ह्यात जाऊन यावे. सेवाग्रामात 1936 पासून उभी असलेली गांधीजींची कुटी मातीची आहे, आणि त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी तिच्या भिंतीवर मातीतच उठावाने काढलेली झाडे व चरखा आजही पाहावयास मिळतात. अर्थात त्या भिंतीची निगा नित्य राखली जाते म्हणूनच. रुडकीच्या उपर्युक्त संस्थेने डांबर, केरोसीन व थोडे मेण यांचे मिश्रण भुसा कुजविलेल्या मातीत घालून पावसाने न वाहणारा गिलावा सिद्ध केला. एखाद्या पाड्यावर अंगणवाडी मातीच्या घरात भरत असेल, तर ती पाडण्याऐवजी तिच्या वरच्या पट्ट्यास असा गिलावा करणे शहाणपणाचे. खालच्या पट्ट्यास मात्र, डांबराच्या व केरोसीनच्या संसर्गामुळे, नको. मेळघाटात बांबूच्या तट्ट्यांची भिंत ही कोरकू आदिवासींची जुनी वहिवाट. धारणी तालुक्यातील लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने बांबूकामास नवी प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. बोरॅक्स व बोरिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या बांबूचा उभा पडदा भिंतीपासून हातभर पुढे, पश्चिमेच्या बाजूस, उभारला तर भिंतीवर ऊनच पडत नाही. हे आवरण खरे पाहता सावलीचे आहे, आणि कुजला तर तो बांबू गावातल्या गावात बदलता येतो. स्वयंपाकघराच्या बाजूस तो नसावा, हे वर सांगितलेल्या आगीच्या हकिकतीवरून उघडच आहे.

राहिला रंगाचा व चित्रांचा प्रश्न. ‘बोलक्या भिंती’ ही कल्पना आपल्या शाळांत व अंगणवाड्यांत रुजली आहे, आणि इमारत हेच शिक्षणाचे साधन मानणारी ‘बाला’ ही विचारसरणी दिल्लीच्या विन्यास संस्थेच्या कबीर वाजपेयी यांनी युनिसेफच्या साहाय्याने मांडून तिला शास्त्रशुद्ध रूप दिले. प्रत्यक्षात मात्र बोलकी भिंत म्हणजे दर्शनी बाजूवर तैलरंगात रंगविलेला मोटू-पतलू, अंकांची आगगाडी आणि योजनांच्या घोषणा असे झाले आहे. ही चित्रे प्रौढांच्या नजरेच्या उंचीवर असतात, आणि तीन पावसाळ्यांत त्यांचे डोळे, नाके गळून पडून मुलांस भीती वाटावी अशी अवकळा त्यांस येते. मीराबेन यांच्या झाडांपासून घेण्याजोगा धडा हा की, जे गिलाव्यातच उठवून अथवा कोरून काढले, ते रंग उडाल्यावरही राहते आणि मुलास बोटाने गिरविता येते. ओला चुना बोटास वळतो; संत्र्याचे झाड, बैल, नांगर, कापसाचे बोंड, उंची मोजण्याची पट्टी असे काही मिस्त्रीने मुलांच्या उंचीवर उठविले आणि दर दिवाळीस त्यावर गेरूचा व निळीचा हात फिरविला, तर राखेच्या विटांचा उदासपणाही जाईल आणि शिशाचा संशयही.

तेव्हा आमची निवड अशी: जोत्यास व पायथ्याच्या दोन फुटांस अखंड काळा दगड, त्याचा दर्शनी चेहरा घासून गुळगुळीत केलेला, त्यावर मुलांच्या हाताच्या पट्ट्यास चुन्याचा घोटलेला गिलावा, वर विटा अथवा राखेच्या विटा, उघड्या किंवा चुन्याच्या सफेदीच्या, पश्चिमेस ओसरी, ती नसेल तर बांबूचा पडदा, छज्जा सव्वादोन-अडीच फुटांहून कमी नाही. पूर्णेच्या खोऱ्यात यास गोड्या पाण्याची अट जोडावी. सफेदी कपड्यास लागू नये म्हणून तीत थोडा डिंक घालावा. जेथे सिमेंटचा गिलावा आधीच झालेला आहे आणि टिकला आहे, तेथे तो उपटण्याचा अट्टाहास करू नये. त्यावर तैलरंगाऐवजी चुन्याची किंवा पाण्यात कालवावयाच्या रंगाची सफेदी द्यावी, एवढे पुरे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, चुना दरवर्षी मागतो आणि अंगणवाडीकडे दुरुस्तीचा पैसा नसतो. इमारत ग्रामपंचायतीची, योजना महिला व बालविकास खात्याची, बांधकाम जिल्हा परिषदेच्या अभियंत्याचे. भेग मात्र कोणाचीच नसते, आणि सेविकेने लोकवर्गणी काढून रंग द्यावा अशी अपेक्षा केली जाते. हा आक्षेप खरा असला तरी त्याचे उत्तर लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या त्या आठ लाखांत दडलेले आहे. रोजगार हमीच्या कामांत अकुशल मजुरी व साहित्य यांचे प्रमाण जिल्ह्याच्या हिशेबात 60 आणि 40 असे राखावयाचे असते, आणि इमारतीची कामे साहित्याने जड असल्यामुळे हे प्रमाण बिघडवितात, ही अधिकाऱ्यांची नित्याची तक्रार आहे. सिमेंट, फरशी, फलक, तैलरंग हे सर्व साहित्याच्या रकान्यात जातात. दगड वाहणे, चुनखडी वेचणे, चुना भिजविणे व घोटणे, माती तुडविणे, ही कामे मात्र उन्हाळ्यात शेतीत काम नसलेल्या त्याच गावच्या मजुराची, आणि तीही नेमकी त्या महिन्यांतील, जेव्हा काळ्या जमिनीच्या भेगा रुंदावून भिंतीवरचे त्यांचे पडसाद स्पष्ट दिसत असतात. तेव्हा तालुक्याच्या अंदाजपत्रकात ‘बाहेरील बाजूस सिमेंटचा गिलावा व रंग’ या ओळीच्या जागी दगड, चुना आणि त्यांची मजुरी अशा तीन ओळी लिहिल्या, आणि वार्षिक सफेदीची चौथी ओळ ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घातली, तर मंजुरी देणाऱ्या साहेबांस हिशेब अडचणीचा न होता सोयीचाच होईल.